दोरापाशी उभा असलेला माणूस

१९६२ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. आमच्या चर्चच्या पटांगणात दोन बांबूंमध्ये पांढरे कापड ताणून अधूनमधून चित्रपट दाखवला जाई. मुंबईहून यंत्र येई, त्याच्याबरोबर रिळांचे गोल डबे येत, आणि दुपारपासून आम्ही मुले त्या डब्यांभोवती घिरट्या घालत असू. त्या रात्री ‘द बेल्स ऑफ सेंट मेरीज’ हा १९४५ सालचा अमेरिकन चित्रपट लागला होता. माझे वय तेव्हा बारा वर्षांचे. पडद्यावरचे इंग्रजी आम्हांला कळत नव्हते; एक फादर यंत्राशेजारी उभे राहून मधूनमधून मराठीत कथा सांगत होते. बिंग क्रॉस्बी ह्यांनी साकारलेले हसतमुख फादर ओमॅली आणि इन्ग्रिड बर्गमन ह्यांची सिस्टर बेनेडिक्ट ह्या दोघांनी त्या रात्री आमचे गाव जिंकले. सिस्टर एका भित्र्या मुलाला मुष्टियुद्धाचे धडे देऊ लागल्या, तेव्हा तर पटांगण हशाने दुमदुमले. घरी परतताना सर्वांच्या तोंडी हीच दोन माणसे होती. त्या चित्रपटात एक म्हातारा होता, ह्याची नोंद कोणी घेतली नाही. मीही घेतली नाही.

तो म्हातारा पुन्हा मला भेटला तो सत्तेचाळीस वर्षांनी, २००९ सालच्या नाताळात. मला शिक्षकी पेशातून निवृत्त होऊन वर्ष उलटले होते. थोरल्या मुलीने फ्रँक काप्रा ह्यांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ ह्या चित्रपटाची तबकडी आणली होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, मध्यरात्रीच्या मिस्साला अवकाश असताना, आम्ही सारे तो पाहत बसलो. चित्रपटाच्या अखेरच्या टप्प्यात, बर्फ पडत असलेल्या एका पुलावर, ओलाचिंब झालेला एक वृद्ध अवतरला. गोल चेहरा, विस्कटलेले पांढरे केस, आणि नुकतीच शाळेत दाखल झालेल्या मुलाच्या डोळ्यांत असते तसे कुतूहल. मी एकदम म्हणालो, “ह्याला मी ओळखतो!” सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, तुम्ही अमेरिकेला कधी गेलात?” सर्वजण हसले. पण माझ्या मनात १९६२ ची ती रात्र जागी झाली होती. तबकडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत नाव सापडले : हेन्री ट्रॅव्हर्स.

त्या रात्रीपासून मी ह्या नटाचा मागोवा घेत राहिलो. नायकांची चरित्रे सर्वत्र मिळतात. दुय्यम नटाची हकीकत मात्र इकडून तिकडून वेचावी लागते.

हेन्री ट्रॅव्हर्स ह्यांचा जन्म १८७४ साली उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्बरलँड परगण्यात झाला. त्यांचे मूळ नाव ट्रॅव्हर्स जॉन हेगर्टी. तारुण्यात त्यांनी वास्तुशास्त्राची वाट धरली होती. ती सोडून ते रंगभूमीकडे वळले आणि पुढे अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्थिरावले. तेथे अनेक वर्षे, बर्नार्ड शॉ ह्यांच्या नाटकांपासून हलक्याफुलक्या सुखान्तिकांपर्यंत, त्यांनी तऱ्हेतऱ्हेच्या भूमिका केल्या. चित्रपटात त्यांचे पाऊल पडले ते १९३३ साली, म्हणजे वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. आमच्याकडे ह्या वयात माणूस निवृत्तिवेतनाची कागदपत्रे घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढत असतो! १९४९ पर्यंतच्या सोळा वर्षांत त्यांनी सुमारे पन्नास चित्रपट केले. कधी नायिकेचे वडील, कधी डॉक्टर, कधी दुकानदार, कधी प्राध्यापक. ‘द इनव्हिजिबल मॅन’मध्ये ते शास्त्रज्ञ आहेत, ‘डार्क व्हिक्टरी’मध्ये कुटुंबाचे वृद्ध डॉक्टर. जाहिरातीच्या फलकावर ज्याचे चित्र कधी येत नाही, पण ज्याच्यावाचून घर घरासारखे दिसत नाही, असा हा माणूस.

त्यांचे एकेक चित्रपट मिळवून पाहताना एक योगायोग माझ्या ध्यानी आला. त्यांच्या तीन सुप्रसिद्ध चित्रपटांत घंटा आहे.

पहिला ‘मिसेस मिनिव्हर’. विल्यम वायलर ह्यांनी १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, इंग्लंडमधील एका गावाची ही कथा पडद्यावर आणली. ट्रॅव्हर्स ह्यांनी त्यात बॅलर्ड नावाचा स्टेशनमास्तर रंगवला आहे. हाच बॅलर्ड गावच्या चर्चची घंटा वाजवतो आणि फावल्या वेळी गुलाब फुलवतो. आपल्या सर्वोत्तम गुलाबाला तो नायिकेचे, मिसेस मिनिव्हरचे, नाव देतो. कारण ती येताजाता त्याच्याशी आपुलकीने दोन शब्द बोलते. गावच्या पुष्पप्रदर्शनात गुलाबाचा चषक दरवर्षी एका उमराव घराण्यातील वृद्ध बाईंना मिळत आलेला असतो. ह्या वर्षीही परीक्षकांनी त्यांचेच नाव लिहिलेले असते. पण निकाल वाचून दाखवताना त्या बाईंचे मन पालटते आणि त्या बॅलर्डचे नाव पुकारतात. त्या क्षणी ट्रॅव्हर्स ह्यांच्या चेहऱ्यावर विजयाचा गर्व उमटत नाही. आपले नाव मोठ्याने पुकारले जाऊ शकते, ह्याचेच त्यांना नवल वाटते.

दुसरा चित्रपट ‘द बेल्स ऑफ सेंट मेरीज’. त्याच्या नावातच घंटा आहे. त्यातील बोगार्डस हा धनिक शाळेशेजारी नवी इमारत बांधतो आहे आणि जुन्या शाळेच्या जागी त्याला मोटारी उभ्या करण्यासाठी तळ हवा आहे. धर्मभगिनी मात्र ती नवी इमारतच शाळेला मिळावी म्हणून प्रार्थना करीत असतात. ह्या कंजूष, हृदयविकाराने धास्तावलेल्या म्हाताऱ्याच्या मनात पाझर कसा फुटतो, हे ट्रॅव्हर्स ह्यांनी इतक्या सहजपणे दाखवले आहे, की त्याचा पश्चात्ताप प्रवचनातला वाटत नाही. चांगुलपणाची सवय नसलेला माणूस पहिल्यांदा चांगले वागू लागला की थोडा वेंधळा दिसतो; तो वेंधळेपणा त्यांनी नेमका टिपला आहे.

तिसरा अर्थातच ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. जॉर्ज बेली हा एका लहानशा गावातील तरुण. त्याला जग पाहायचे असते, पूल आणि इमारती बांधायच्या असतात. पण वडिलांच्या मृत्यूनंतर गरिबांना घरासाठी कर्ज देणारी त्यांची पतपेढी चालवण्यासाठी तो गावातच राहतो. भाऊ शिकतो, मित्र श्रीमंत होतात, जॉर्ज जागच्या जागी राहतो. नाताळच्या आदल्या दिवशी काकांच्या हातून आठ हजार डॉलर हरवतात. ते खरे तर गावातील लोभी सावकार पॉटर ह्याच्या हाती पडलेले असतात. तुरुंगवास आणि बेअब्रू समोर दिसू लागल्यावर जॉर्ज जीव द्यायला पुलावर जातो. आपण जन्माला आलो नसतो तर बरे झाले असते, असे त्याला वाटू लागते. त्याला वाचवायला स्वर्गातून जो पाठवला जातो, तो कोणी तेजस्वी महादूत नसतो. तो असतो क्लॅरन्स, दुसऱ्या दर्जाचा देवदूत. पूर्वायुष्यात घड्याळे बनवणारा आणि दोनशे वर्षे होऊन गेली तरी पंख न मिळालेला.

आता हा क्लॅरन्स काय करतो पाहा. तो जॉर्जला उपदेश करीत नाही. तो त्याच्या आधी स्वतःच नदीत उडी घेतो आणि मदतीसाठी ओरडतो. मरायला निघालेला जॉर्ज आपले मरण विसरतो आणि म्हाताऱ्याला वाचवायला धावतो. वाचवणारा स्वतः बुडतो, म्हणजे बुडणारा वाचवणारा होतो! मला वाटते, दुय्यम नटाच्या साऱ्या कलेचे सार ह्या एका उडीत आहे. नायकाला नायक करायचे असेल, तर कोणीतरी प्रथम पाण्यात उतरावे लागते. हे चित्रीकरण १९४६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात झाले. पडद्यावरचा बर्फ म्हणजे आग विझवण्याचा फेस आणि साबणाचे पाणी ह्यांचे मिश्रण होते. बहात्तर वर्षांच्या ट्रॅव्हर्स ह्यांनी ऐन उन्हाळ्यात ती थंडीची हुडहुडी उभी केली, आणि आजही ती पाहताना अंगावर शाल ओढून घ्यावीशी वाटते.

योगायोगाची आणखी एक गंमत सांगतो. जॉर्जला जगण्याची इच्छा परत मिळते आणि तो आपल्या गावातून आनंदाने धावत सुटतो, तेव्हा तेथील चित्रपटगृहाच्या फलकावर नाव झळकत असते ‘द बेल्स ऑफ सेंट मेरीज’! ज्या देवदूताने जॉर्जला वाचवले, त्याचाच आदल्या वर्षीचा चित्रपट त्या गावात लागलेला आहे, आणि जॉर्ज त्यासमोरून धावत जातो.

वाचकहो, येथवर मी एका नटाविषयी बोललो. आता थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे, कारण त्यावाचून हा नट माझ्या मनात का घर करून राहिला, ते आपणांस कळणार नाही.

मी ज्या शाळेत चौतीस वर्षे शिकवले, तेथे २००१ ते २००३ अशी दोन वर्षे मी प्रभारी मुख्याध्यापक होतो. वेळापत्रके, वेतनपत्रके, तपासणी, गळके छप्पर, रुसलेले पालक, सारे मी सांभाळले. सेवाज्येष्ठतेने ते पद माझ्याकडे येणार, असे मी धरून चाललो होतो. घरीही तसेच धरले गेले होते. प्रत्यक्षात दुसऱ्या शाळेतून एक सद्गृहस्थ आले आणि मी पुन्हा वर्गावर गेलो. कोणी अन्याय केला, असे मी कोणाकडे बोललो नाही. पण उरलेली पाच वर्षे मी त्या गृहस्थांशी कामापुरतेच बोललो. स्नेहसंमेलनात शेजारच्या खुर्चीवर बसलो तरी नजर समोर ठेवली. माझ्या निरोपसमारंभात त्यांनी माझ्याविषयी भरभरून भाषण केले. मी उत्तरादाखल सर्वांचे आभार मानले आणि त्यांचे नाव तेवढे वगळले. श्रोत्यांना ते कळले नसेल. त्यांना कळले होते, कारण ते खाली मान घालून हातातला कागद दुमडत होते. तो दुमडला जाणारा कागद वर्षभर माझ्या डोळ्यांसमोरून गेला नाही.

अशा मनःस्थितीत असताना हेन्री ट्रॅव्हर्स ह्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट माझ्या वाचनात आली.

१९३६ च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर ‘यू कान्ट टेक इट विथ यू’ हे कॉफमन आणि हार्ट ह्यांचे नाटक आले. त्यातील मार्टिन व्हँडरहॉफ हे आजोबा म्हणजे नाटकाचा कणा. पैशामागे धावणे सोडून दिलेला, आनंदी, शहाणा वृद्ध. ही भूमिका रंगमंचावर प्रथम साकारली हेन्री ट्रॅव्हर्स ह्यांनी. नाटकाचे आठशेंहून अधिक प्रयोग झाले, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, फ्रँक काप्रा ह्यांनी त्यावर चित्रपट काढला. चित्रपटात आजोबांची भूमिका मात्र गेली लायनेल बॅरीमोर ह्यांच्याकडे. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. उभी केलेली भूमिका एकाची, पडद्यावर कायमची राहिली दुसऱ्याची. आणि आठ वर्षांनी त्याच काप्रांनी ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ काढला, तेव्हा हे दोघेही त्यात होते. बॅरीमोर झाले दुष्ट पॉटर. ट्रॅव्हर्स झाले देवदूत क्लॅरन्स. संपूर्ण चित्रपटात ते एकदाही समोरासमोर येत नाहीत.

हे वाचल्यावर प्रथम मला, खोटे कशाला बोलू, एक क्षुद्र समाधान वाटले. ‘पाहा, ज्याने भूमिका घेतली तो खलनायक झाला आणि ज्याची गेली तो देवदूत!’ त्या पॉटरच्या चाकांच्या खुर्चीत मी एका विशिष्ट गृहस्थांना बसवूनही पाहिले. पण मग मी १९३८ चा तो चित्रपट मुद्दाम मिळवून पाहिला. संधिवाताने जेरीस आलेले बॅरीमोर त्यात कुबड्यांवर वावरतात. आजोबांचा पाय दुखावला आहे, असे कथेत दाखवून ती अडचण सांभाळून घेतली आहे. आणि त्या कुबड्यांवरचा तो माणूस काम इतके सुरेख करतो, की त्याच्यावर राग धरणे मला शक्य झाले नाही. भूमिका मिळणे हा त्याचा अपराध नव्हता. तो एक दुखऱ्या सांध्यांचा म्हातारा होता आणि त्याला बोलावले गेले होते.

मी पुन्हा त्या तीन घंटांच्या चित्रपटांकडे वळलो, आणि पूर्वी न दिसलेली एक गोष्ट मला दिसली. शेवटच्या प्रसंगात हा माणूस तिन्ही ठिकाणी नाही. ‘मिसेस मिनिव्हर’च्या अखेरीस बाँबहल्ल्याने छप्पर उडालेल्या चर्चमध्ये गाव जमते. तेथे धर्मगुरू मृतांची नावे घेतात आणि त्यांत बॅलर्डचे नाव येते. त्याचे मरण आपल्याला दाखवलेही जात नाही. घंटा वाजवणारा गेला, हे नुसते कानांवर पडते. ‘सेंट मेरीज’चा शेवट फादर आणि सिस्टर ह्यांच्या निरोपाचा आहे, इमारत देणारा बोगार्डस तेथे नाही. ‘वंडरफुल लाइफ’च्या अखेरीस सारे गाव जॉर्जच्या घरी लोटते, टोपलीत नोटा पडतात, गाणी होतात, क्लॅरन्स तेथे नाही. पैशांच्या ढिगात त्याचे ‘टॉम सॉयर’चे पुस्तक तेवढे सापडते. ज्याला मित्र आहेत त्याचे आयुष्य वाया गेले असे म्हणता येत नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर लिहिलेला असतो. आणि नाताळवृक्षावरची इवलीशी घंटा किणकिणते. घंटा वाजली म्हणजे कोणा देवदूताला पंख मिळाले, असे जॉर्जची छोटी मुलगी सांगते.

हे पाहताना मला आमच्या गावी घंटा वाजवणारे आजोबा आठवले. पहाटे, दुपारी आणि दिवेलागणीला ते आंजेलुसची घंटा वाजवीत. गावात कोणी गेले तर त्यांचे ठोके वेगळे पडत, आणि चुलीपाशी बसलेल्या बाया हातातले काम थांबवून क्रूसाची खूण करीत. त्या घंटेवर आमची शेते, आमच्या शाळा, आमची जेवणे चालत. पण घंटा ऐकून कोणी कधी मनोऱ्याखालच्या अंधारात डोकावले नाही. एकदा मी डोकावलो होतो. ते दोन्ही हातांनी दोर धरून वर पाहत होते. दोराने त्यांचे तळवे गुळगुळीत झाले होते. घंटा वाजत असताना तिचा सर्वांत मोठा आवाज त्यांच्याच कानांवर पडत असणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

ट्रॅव्हर्स ह्यांच्या नशिबात तोही आवाज नव्हता. ‘मिसेस मिनिव्हर’साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, पारितोषिक व्हॅन हेफ्लिन ह्यांना गेले. गुलाबाचा चषक पडद्यावर मिळाला, तेवढाच. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ला प्रदर्शनाच्या वेळी अपेक्षित धंदा करता आला नाही, पाच नामांकने मिळूनही त्यांपैकी एकही पारितोषिक हाती आले नाही. १९४९ साली ट्रॅव्हर्स निवृत्त झाले आणि १९६५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, हॉलिवुडमध्ये निवर्तले. १९७४ मध्ये त्या चित्रपटाच्या हक्कांचे नूतनीकरण करायचे राहून गेले, आणि त्यामुळे अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रे तो नाताळात मनसोक्त दाखवू लागली. वर्षानुवर्षे घरोघरी तो पाहिला गेला आणि अमेरिकन नाताळाचा भाग बनला. १९९० मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करण्याच्या चित्रपटांत त्याची निवड झाली. क्लॅरन्सला जगभर ओळख मिळाली ती अशी, क्लॅरन्स गेल्यानंतर. दोर ओढणारा निघून गेला आणि मग घंटा वाजली.

मी स्वतःला विचारले, ह्या माणसाच्या वाट्याला जे आले, त्याच्या तुलनेत माझी ती खुर्ची म्हणजे काय होती? माझ्या वर्गातून गेलेली मुले रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. मला तर घंटा जिवंतपणीच ऐकू येत होती. फळ्यावर कोणाचे नाव आहे, ह्यातच माझे लक्ष अडकले होते.

त्या नाताळाच्या आठवड्यातच, नववर्षाच्या आदल्या दिवशी, मी फराळाचे ताट घेऊन त्या गृहस्थांच्या घरी गेलो. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत; ताटावर विणलेला रुमाल तेवढा त्यांनी आणून घातला. दार त्यांनीच उघडले. तेही निवृत्त झाले होते आणि काठीच्या आधाराने चालत होते. क्षणभर आम्ही दोघेही उंबरठ्याच्या अलीकडे पलीकडे उभे राहिलो. मग ते म्हणाले, “सर, या ना, आत या.” चहा झाला. गुडघ्यांविषयी बोलणे झाले, नातवंडांविषयी झाले. शाळेचा विषय दोघेही टाळत होतो. मी निघताना मात्र ते अचानक म्हणाले, “तुम्ही केलेले वेळापत्रक मी माझ्या पहिल्या दिवशी कपाटात पाहिले होते. पाच वर्षे तेच चालवले. मला तसे कधी जमले नसते. त्या निरोपाच्या भाषणात हे सांगायचे राहून गेले.”

मला म्हणायचे होते की, राहून माझ्याकडून गेले होते. ते शब्द ओठांवर आले नाहीत. मी त्यांचा काठीवरचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. ह्यानंतर चार नाताळ आम्ही एकमेकांकडे फराळ पोचवला. पाचव्या नाताळाआधी ते गेले. त्यांच्या दफनविधीच्या दिवशी मनोऱ्यातून मृत्युघंटेचे ठोके पडू लागले. सर्वजण शवपेटीमागून चर्चमध्ये शिरत होते. मी जरासा मागे राहिलो आणि मनोऱ्याखाली डोकावून पाहिले. एक तरुण मुलगा दोर धरून वर पाहत उभा होता. त्याचे नाव मला ठाऊक नव्हते. विधी संपल्यावर मी परत तेथे गेलो आणि त्याला त्याचे नाव विचारले.